बाळाला ताप आहे आणि कारण सापडत नाही? औषधाआधी लघवी तपासा

होळी झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ हे निदान घरोघरी व्हायला लागतं. लघवी पिवळी झाली, जळजळली, थेंब थेंब आली की धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा. मोठ्या माणसाला त्याने बहुतेकदा बरंही वाटतं, कारण अंगात पाणीच कमी पडलेलं असतं. घोटाळा होतो तो हेच निदान पाच महिन्यांच्या लेकराला चिकटवलं की. मोठा माणूस ‘आग होतेय’ म्हणून सांगतो. बाळ सांगत नाही आणि त्याच्या लघवीत जंतू झाले तरी लंगोटावर पुष्कळदा काहीच दिसत नाही. दिसतो तो ताप.

म्हणून लघवीच्या जंतुसंसर्गाची खूण लहान बाळात लंगोटात कमी आणि थर्मामीटरवर जास्त शोधायची. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, कानातून पू नाही, अंगावर पुरळ नाही आणि तरी अंग तापलंय, अशा दोन वर्षांखालच्या दर शंभर बाळांमागे साधारण पाच ते सात बाळांना हा संसर्ग निघतो. सर्दी असलेल्या बाळालाही तो असू शकतो, पण मग तपासायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

दहातल्या आठ-नऊ वेळा जंतू असतो ई. कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यात राहणारा. शीच्या जागेवरून तो लघवीच्या मार्गात शिरतो, मूत्राशयात वाढतो आणि तिथून वर मूत्रपिंडापर्यंत चढतो. लहान बाळाला ताप आणि लघवीचा संसर्ग एकत्र असला की डॉक्टर मूत्रपिंडाला लागण झाली असंच धरून चालतात. उपचाराला दोन-तीन दिवस उशीर झाला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहण्याची शक्यता वाढते. चार दिवस ‘दात येतायत’ म्हणत काढणं महागात पडतं ते इथे. दात येताना अंग थोडं कोमट होईल, १०१ ताप चढत नाही.

पहिल्या काही महिन्यांत हा त्रास मुलग्यांमध्ये जास्त आढळतो. वर्षाच्या पुढे मुलींचं प्रमाण वाढतं, कारण त्यांचा लघवीचा मार्ग आखूड आणि शीच्या जागेजवळ असतो.

हाताला गरम लागणं म्हणजे ताप नव्हे

कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर आणा. पारा असलेला काचेचा नको, फुटला तर पारा घरभर. बाळाची काख कोरडी पुसा, थर्मामीटरचं टोक काखेच्या खोलगट भागात ठेवा, बाळाचा हात छातीशी धरून ठेवा आणि बीप वाजेपर्यंत हलवू नका. आंघोळ, मालीश किंवा शेक झाल्यावर अर्धा तास थांबून मग मोजा.

काखेत ९९.५ फॅरनहाइट (३७.५ सेल्सिअस) किंवा जास्त म्हणजे ताप. १००.४ (३८ सेल्सिअस) आणि वर असेल तर दोन महिन्यांखालच्या बाळाला त्याच तासाला दवाखान्यात न्यायचं, रात्र असली तरी. त्याउलट ९५.९ (३५.५ सेल्सिअस) च्या खाली गेलं तर तेही तेवढंच वाईट. नवजात बाळात जंतुसंसर्गाने अंग तापण्याऐवजी थंडगार पडू शकतं.

मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना बाळाला टोपरं, झबलं आणि वरून दोन दुपटी गुंडाळलेली असतील तर तेही नुसत्या गरमीने तापतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी चालू असली तर आणखीच. दोन महिन्यांपुढच्या बाळात याची पडताळणी सोपी आहे. जादा कपडे काढा, घरातल्या सगळ्यात थंड जागी आणा, अंगावर पाजा आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरलं, बाळ नीट पितंय, खेळतंय, तर गरमी होती. तेवढंच राहिलं किंवा दोन तासांनी परत चढलं तर ताप आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाला मात्र ही सवलत नाही. एकदा १००.४ दिसलं की मागून उतरलं तरी दाखवायचंच.

वेळ आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. ‘कालपासून अंग गरमच आहे’ यापेक्षा ‘काल रात्री नऊला १०१.२, आज पहाटे पाचला १०२’ हे डॉक्टरला कितीतरी जास्त सांगतं. १०२.२ (३९ सेल्सिअस) च्या वर ताप, दोन दिवस किंवा जास्त टिकलेला आणि दुसरं कारण नाही, असं असेल तर लघवीचा संशय वाढतो.

वयागणिक खुणा बदलतात

*जन्मापासून दोन महिने.* इथे ताप येईलच असं नाही. बाळ पिताना मध्येच सोडून देतं, उठवून पाजावं लागतं, किरकिर थांबत नाही किंवा उलट गपगार पडून राहतं, उलट्या करतं. कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरलेली नसेल तर डॉक्टर जी कारणं शोधतात त्यात लघवीचा संसर्ग असतो. आणखी एक खूण घरात कुणालाच दिसत नाही, ती म्हणजे वजन. जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन दहा ते चौदा दिवसांत भरून यायला हवं आणि पुढे पहिले तीन महिने रोज वीस ते तीस ग्रॅमने वाढायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडे वजनकाटा आणि थर्मामीटर दोन्ही असतात. ‘बाळ बरंय, बसा, चहा घ्या’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. वजन करून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या.

*दोन महिने ते एक वर्ष.* कारण न सापडणारा ताप ही मुख्य खूण. कधी थंडी वाजून येतो. सोबत उलट्या, दूध नको म्हणणं, पोट दाबलं की रडणं. काही बाळांना पातळ शीही होते, मग सगळे ‘दातांचे जुलाब’ म्हणून मोकळे होतात. तापाबरोबर जुलाब असले म्हणून लघवीचा विचार सोडायचा नाही.

*एक ते दोन वर्षं.* आता थोडं कळायला लागतं. लघवीच्या वेळी बाळ पाय आवळून उभं राहतं, ‘ऊ’ म्हणत हात तिकडे नेतं, दर दहा मिनिटांनी थेंबभर करतं किंवा तासन् तास दाबून धरतं.

लंगोट काय सांगतो, काय सांगत नाही

लघवीला वास येतो म्हणून पुष्कळ आया घाबरून येतात. नुसत्या वासावर भरवसा नको. पाणी कमी पडलं की, लंगोट उशिरा बदलला की वास येतोच, आणि संसर्ग असलेल्या कित्येक बाळांच्या लघवीला काही वेगळा वास नसतो. ताप आणि नवाच उग्र वास एकत्र असेल तर मात्र डॉक्टरला सांगा.

रडण्याचंही तसंच. बरीच बाळं लघवी होण्याआधी क्षणभर कुरकुरतात आणि झाली की शांत होतात. त्यात काही वावगं नाही. लघवी चालू असताना कळवळून रडणं, जोर लावून लाल होणं वेगळं.

डागाचं नीट बघा. पहिल्या आठवड्यात लंगोटावर गुलाबी-नारिंगी, विटेच्या भुकटीसारखा डाग पडतो आणि घरात ‘रक्त, रक्त’ होतं. लंगोट खिडकीशी धरा. भुकटीसारखा कोरडा थर दिसत असेल तर ते लघवीतले युरेटचे कण आहेत. पहिल्या तीन-चार दिवसांत चालतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही दिसलं तर बाळाला दूध पुरत नाहीये, पाजणं बघून घ्या. मुलीला पहिल्या आठवड्यात खालून थोडं रक्त किंवा पांढरा स्राव जाणं हे आईच्या हार्मोन्समुळे असतं, आपोआप थांबतं. यापलीकडे कुठल्याही वयात लघवी लाल, गुलाबी किंवा कोऱ्या चहासारखी दिसली तर दाखवायचं. गढूळ लघवीचंही तेच.

आणि एक डाग पक्का लक्षात ठेवा, तो या आजाराचा नाही पण चुकला तर जास्त वाईट. नवजात बाळाची लघवी पाण्यासारखी असते. ती कापडाला पिवळा डाग पाडत असेल आणि शी पांढुरकी, मातकट असेल तर यकृताचा आजार असू शकतो. तिथे दिवसांचा हिशेब असतो, आठवड्यांचा नव्हे.

ओल्या लंगोटांची मोजदाद कामाची आहे. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा ओले. पूर्ण सहा-आठ तास कोरडा राहिला तर पाणी कमी पडतंय किंवा लघवी अडतेय. डायपर वापरत असाल तर ओलं कळत नाही, आजारपणात दोन दिवस लंगोटच वापरा.

मुलगा असेल तर धार बघा. निरोगी मुलग्याची धार कमानीसारखी लांब जाते, धरणाऱ्याला भिजवल्याशिवाय राहत नाही. ती नेहमीच बारीक, थेंब थेंब असेल, जोर करावा लागत असेल, बेंबीखाली गोळ्यासारखं फुगलेलं लागत असेल तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. ताप यायची वाट न बघता बालरोगतज्ज्ञाला दाखवा. ‘वयाबरोबर सुधारेल’ हे इथे चालत नाही.

आता लगेच न्या, अशा वेळा

- दोन महिन्यांखालचं बाळ, १००.४ किंवा वर ताप, किंवा ९५.९ च्या खाली
- दूध ओढतच नाही, किंवा प्यालेलं सगळं उलटतंय
- हाक मारून, हलवून नीट जागं होत नाही, अंग ढिलं पडलंय
- झटका आला
- दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त (पूर्ण मिनिटभर मोजा), किंवा बाळ कण्हतंय
- आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेलीय, रडताना अश्रू येत नाहीत

वर्षाखालच्या बाळासाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वर्षाखालच्या आजारी बाळाची तपासणी, औषधं, भरती आणि ने-आण फुकट आहे. बाहेरून औषधं आणायला सांगितली तर हे नाव घेऊन विचारा. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचा वेगळा अतिदक्षता कक्ष असतो. पुढे पाठवायची वेळ आली तर छत्रपती संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय आहे, आणि नांदेड, लातूर, अंबाजोगाईलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत.

नमुना: अर्धं निदान इथेच बिघडतं

औषधाच्या पहिल्या थेंबाआधी लघवीचा नमुना निघाला पाहिजे. अँटिबायोटिकचे एक-दोन डोस पोटात गेले की कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू उगवत नाही. मग संसर्ग होता की नव्हता, कोणता जंतू होता, कोणतं औषध लागू पडेल, यातलं काहीच कळत नाही. म्हणून गावातल्या डॉक्टरने अँटिबायोटिक लिहिलं की विचारा, ‘आधी लघवी तपासायची का?’ राग येण्यासारखा प्रश्न नाही हा. अपवाद फक्त गंभीर बाळाचा. तिथे डॉक्टर नळीने नमुना घेऊन लगेच सलाईनमधून औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

ज्याला अजून शी-शू सांगता येत नाही अशा बाळाचा नमुना घ्यायच्या चार रीती आहेत.

पहिली, हवेतल्या हवेत धार झेलणं. घरी जमण्यासारखी हीच. मेडिकल किंवा लॅबमधून कल्चरची निर्जंतुक, सीलबंद, रुंद तोंडाची बाटली आणा. सिरपची धुतलेली बाटली, स्टीलची वाटी नको, उकळलेली असली तरी नको. तेल-मालीश आणि पावडर नमुन्याच्या आधी टाळा, दोन्ही बाटलीत उतरतात.

बाळाला पोटभर पाजा आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबा. हात साबणाने धुवा. बाळाची जागा साध्या पाण्याने आणि थोड्या साबणाने धुऊन, साबण पूर्ण काढून, स्वच्छ कापडाने टिपा. मुलीची पुढून मागे. डेटॉल, सॅव्हलॉन अजिबात नको. ते बाटलीत गेलं तर जंतू मरतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो.

आता आजी किंवा आत्याने बाळाला दोन्ही काखांत धरून उभं उचलायचं, पाय मोकळे लोंबकळते. दुसऱ्याने बेंबीखाली, ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर, दोन बोटांच्या टोकांनी भरभर टिचक्या मारायच्या. हळू हाताने, पण सेकंदाला दीड-दोनच्या वेगाने, अर्धं मिनिट. मग कमरेशी, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी गोल गोल चोळायचं, तेही अर्धं मिनिट. पुन्हा टिचक्या, पुन्हा चोळणं, पाच मिनिटांपर्यंत. नवजात बाळात ही युक्ती फार छान चालते. थोड्या मोठ्या बाळाच्या ओटीपोटावर थंड पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा गोल फिरवला तरी लघवी सुटते. रडारड सुरू झाली तर थांबा, पाजा, पुन्हा करा.

बाटलीचं झाकण उघडून तिसऱ्याने तयार राहायचं. झाकणाच्या आणि बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. पहिले थेंब जाऊ द्या, मधली धार झेला, बाटली कातडीला टेकवू नका. चमचाभर, म्हणजे पाच मिली पुरे. मुलग्याची कातडी मागे ओढू नका. या वयात ती चिकटलेलीच असते, ओढली तर फाटते, सुजते आणि पुढे खरंच अडचण होते. लगेच झाकण लावा आणि बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहा.

दुसरी रीत चिकट पिशवीची. सगळ्यात सोपी दिसते आणि सगळ्यात जास्त फसवते. पिशवीत लघवी कातडीवरून वाहत जाते, शीच्या जागेचे जंतू घेऊन. म्हणून पिशवीच्या नमुन्यात काहीच सापडलं नाही तर त्यावर विश्वास ठेवायचा. सापडलं तर मात्र झेललेल्या किंवा नळीच्या नमुन्याने खात्री केल्याशिवाय औषध ठरवायचं नाही. लावायचीच असेल तर दर अर्ध्या तासाने नवी, जागा पुन्हा धुऊन. डायपर पिळून किंवा कापूस दाबून काढलेली लघवी कल्चरला चालत नाही.

तिसरी, नळी. बारीक, निर्जंतुक नळी क्षणभर आत घालून लघवी काढतात. ‘एवढ्याशा लेकराला नळी?’ म्हणून घरचे हटतात. बाळ मिनिटभर रडतं, एवढंच. दोन महिन्यांखाली आणि आजारी बाळात हीच रीत योग्य. चौथी, ओटीपोटातून बारीक सुईने लघवी काढणं. ती मोठ्या रुग्णालयात, शक्यतो सोनोग्राफीत बघून करतात.

घरून बाटली नेणार असाल तर घड्याळ लावा. ई. कोलायला ऊबदार लघवी मिळाली की तो वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. तासात एकाचे आठ, दोन तासांत चौसष्ट. तालुक्याहून जिल्ह्याला एसटीने, उन्हातून, पिशवीत बाटली नेली तर निरोगी बाळाचा रिपोर्टही भयंकर येईल. तासाच्या आत लॅबला पोचवा. जमत नसेल तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, चार अंशांच्या आसपास. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठू द्यायचं नाही. प्रवासात तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये तळाला बर्फ, वर कापड आणि त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बाटली. अशी थंड ठेवलेली लघवी चोवीस तासांपर्यंत चालते. निघण्याआधी लॅबला फोन करून विचारा की कल्चर तिथेच लावतात की पुढे पाठवतात, आणि रविवारी घेतात का.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

साधी तपासणी त्याच दिवशी मिळते. त्यात ‘पस सेल्स’, म्हणजे पूच्या पेशी, सूक्ष्मदर्शकाच्या एका फिल्डमध्ये पाचपेक्षा जास्त असतील तर संशय. ‘नायट्राइट’ (जंतू लघवीत तयार करतात तो पदार्थ) पॉझिटिव्ह असेल तर संसर्गाची शक्यता फार वाढते. निगेटिव्ह असेल तर सुटका नाही. नायट्राइट बनायला लघवी मूत्राशयात तीन-चार तास राहावी लागते आणि बाळ तर तासा-दीड तासाला लंगोट ओला करतं. ‘एपिथेलियल सेल्स’, म्हणजे कातडीच्या पेशी, भरपूर लिहिलं असेल तर नमुना कातडीवरून आलाय, पुन्हा घ्या.

कल्चरला दोन ते तीन दिवस लागतात. झेललेल्या नमुन्यात एकाच जातीचा जंतू आणि एका मिलीमागे एक लाखाच्या घरातला आकडा असेल तर संसर्ग धरतात. नळीने घेतलेल्या नमुन्यात याहून कमी आकडाही पुरेसा असतो, म्हणून नमुना कसा घेतला ते लॅबच्या चिठ्ठीवर लिहायला सांगा. ‘मिक्स्ड ग्रोथ’ म्हणजे दोन-तीन जातींची खिचडी, बहुतेकदा नमुना बाटतो तेव्हाची. खाली औषधांची यादी असते. ज्यापुढे ‘एस’ ते लागू पडेल, ‘आर’ ते पडणार नाही.

औषध चालू असताना

दोन महिन्यांखालच्या बाळाला भरती करून सलाईनमधून औषध देतात. त्यापुढचं बाळ पितंय, उलट्या नाहीत, चेहरा बरा आहे तर तोंडाने औषध, सहसा सात ते दहा दिवस. ताप दोन दिवसांत उतरायला हवा. अट्ठेचाळीस तासांनंतरही टिकला तर औषधाची बाटली संपायची वाट न बघता परत जा, कल्चरच्या कागदासह. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. उरलेलं ‘पुढच्या वेळेला’ ठेवणं ही दुसरी, आणि थोरल्या भावाचं उरलेलं धाकट्याला देणं ही तिसरी.

औषध पावडरच्या बाटलीत आलं असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरा. दर वेळी हलवून, सोबतच्या टोपीने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. घरातल्या चमच्यात कधी तीन मिली मावतं, कधी सात. फ्रिजमध्ये ठेवायचं का आणि किती दिवस चालतं ते लेबलवर असतं.

पॅरासिटामॉलमध्ये घात होतो तो थेंब आणि सिरप यांच्या गल्लतीत. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा १२५ आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये २५०. ‘पाच मिली द्या’ हे सिरपसाठी सांगितलेलं थेंबांच्या बाटलीतून दिलं तर चौपट डोस जातो. बाळाचं वजन सांगून डॉक्टरकडून मिलीत लिहून घ्या. तीन महिन्यांखाली स्वतःहून देऊच नका. उलट्या, कमी लघवी असताना आयबुप्रोफेन नको, मूत्रपिंडावर ताण येतो. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना कधीच नाही.

सहा महिन्यांखाली पाणी नाही, धन्याचं नाही, जिऱ्याचं नाही, उन्हाळ्यातही नाही. अंगावरचं दूध, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा. मधातली घुटी वर्षाच्या आत कुठल्याच कारणाने नको, मधातल्या जंतूंमुळे बाळाला पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो.

नंतर

पहिल्या संसर्गानंतर मूत्रपिंड आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्या. गरोदरपणातल्या सोनोग्राफीचे कागद सोबत न्या. पोटातच बाळाच्या मूत्रपिंडाला सूज दिसल्याचं कधी कधी त्यात लिहिलेलं असतं आणि बाळंतपणाच्या धांदलीत ते विसरून जातं. काही बाळांत लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते. वय, सोनोग्राफी आणि पुन्हा संसर्ग झाला का हे बघून डॉक्टर पुढच्या तपासण्या ठरवतात. सगळ्यांना लागत नाहीत.

घरी करायचं थोडंच. मुलीला पुढून मागे पुसणं, शी झाली की लगेच धुणं. टँकरच्या पाण्याचे दिवस असले तरी एवढं एक तांब्या पाणी बाजूला ठेवायचंच. वरचं अन्न सुरू झाल्यावर शी कडक होऊ देऊ नका. साचलेल्या शीने मूत्राशय नीट रिकामं होत नाही, हे कारण पुष्कळदा सुटून जातं. मऊ भात, डाळीचं पाणी, पिकलेलं केळं, पपई, आणि सहा महिन्यांपुढे मधूनमधून पाणी.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी एक जादा काम करावं. बीडहून सांगलीला किंवा कर्नाटकात गेल्यावर तिथल्या डॉक्टरला आधीचं काहीच माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा रिपोर्ट, सोनोग्राफी आणि लसीकरणाचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. थर्मामीटर आणि नमुन्याची एक सीलबंद बाटली त्याच पिशवीत. ज्या बाळाला एकदा हा संसर्ग झालाय त्याला पुन्हा ताप आला तर सर्दी असो वा नसो, दोन दिवसांच्या आत लघवी तपासायची, आणि नवीन डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं: याला आधी लघवीत जंतू झाले होते.